हवा पिणारं तेल

लाकडाच्या दोन फळ्या घ्या. एकीवर खोबरेल चोळा, दुसरीवर तारलीचं तेल, आणि दोन्ही आठ-पंधरा दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा. खोबरेलाची फळी शेवटपर्यंत बोटाला ओशट लागते. तारलीच्या तेलाची फळी आधी चिकट होते, मग चिकटपणा कमी होत जातो आणि वर पिवळसर, रबरासारखा पातळ पापुद्रा धरतो. त्यावर पाणी ओतलं तर ते थेंबाथेंबाने ओघळून जातं. वासाचं विचारू नका. हा प्रयोग घरात न केलेला बरा, सोसायटीत तर नकोच.

कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्या होत्या तोवर हाच प्रयोग दर वर्षी होत असे. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या, आणि नारळी पौर्णिमेला समुद्रात लोटण्याआधी त्यांना तेल पाजायचं. हे तेल बहुतेक मुशीच्या, म्हणजे शार्कच्या यकृताचं किंवा तारलीचं असे, कधी त्यात राळ उकळून घातलेली. खोबरेल दारातल्या माडांचंच होतं, तरी होडीला ते कोणी लावत नसे. असं का, याचं उत्तर माशाच्या तेलाच्या एका खोडीत आहे. हे तेल हवा पितं. रंग, चामडं, साबण, फवारणी, कोंबडीखाद्य अशी त्याच्या उपयोगांची यादी वाचली तर ती जुन्या बाजारातल्या दुकानासारखी वाटते, कशाचा कशाला मेळ नाही. पण ही खोडी एकदा कळली की यादीतल्या निम्म्याहून जास्त वस्तू आपोआप ओळीत येतात.

आधी तेल निघतं कसं ते पाहू. माशाच्या शरीरात तेल दोन ठिकाणी साठतं. कॉड किंवा मुशीसारखे मासे ते यकृतात साठवतात, त्यांचं मांस जवळजवळ कोरडं असतं. तारली, बांगडा, हेरिंग, अँचोव्ही यांची चरबी अंगभर, मांसात पसरलेली असते. तारलीचं तेल वर्षभर सारखं मिळत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्रात, भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत, खालचं थंड, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म शैवाल माजतं, ते खाऊन तारली पुष्ट होते, आणि पावसाळा सरल्यावर तिच्या अंगात भरपूर तेल असतं. उन्हाळ्यातली तारली त्यामानाने रुक्ष. खवय्यांना हे रसायनशास्त्र न शिकताच माहीत असतं.

मलबारच्या किनाऱ्यावर जुनी रीत सोपी होती. मोठ्या काहिलीत मासे उकळायचे, वर तरंगलेलं तेल पळीने काढून घ्यायचं, चोथा काथ्याच्या पिशव्यांत भरून दाबायचा. मासे बरेचदा कुजलेले असत, त्यामुळे तेल काळं आणि उग्र निघे. १९०५ साली मद्रास इलाख्यातल्या मासेमारीची पाहणी सर फ्रेडरिक निकल्सन यांच्याकडे आली. त्यांनी तानूरला तेल आणि खत या दोन्हींचे प्रयोग सुरू केले. मासा ताजा असतानाच वाफवला तर तेल फिकट निघतं, आणि तेल काढून घेतलेला चोथा खत म्हणून जास्त चांगला ठरतो, हे किनाऱ्यावर पटवून देण्याचं ते काम होतं. चोथा चांगला ठरण्याचं कारण साधं आहे. तेलकट मासळी मातीत घातली की तेलामुळे पाणी आत शिरत नाही, जिवाणूंचं काम अडतं, खत लागू पडायला वेळ लागतो. म्हणजे माडाला नको असलेला भाग काढून विकायचा आणि हवा तेवढाच माडाला द्यायचा. याच प्रयोगांच्या ओघात साबणाचंही काम सुरू झालं आणि १९१४ च्या सुमारास सरकारी साबण कारखाना उभा राहिला. कोझिकोडचा केरळ सोप्स हा त्याचाच वारस.

आजचा फिशमिलचा कारखाना करतो तेच, फक्त यंत्रांनी. मासे ९०-९५ अंशांपर्यंत शिजवले की प्रथिनं गोठतात आणि चरबीच्या पेशी फुटतात. मग स्क्रूच्या दाबयंत्रातून पिळून पाणी-तेल वेगळं काढतात. ते सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवलं की तेल वर आणि पाणी खाली असा निवाडा होतो. चोथा वाळवून दळला की मासळीची भुकटी, म्हणजे फिशमिल. ढोबळ हिशेब असा, की एक टन माशांतून साधारण सव्वादोनशे किलो भुकटी आणि पन्नासेक किलो तेल. तेल हे या धंद्यात बरीच वर्षं जोडउत्पादन होतं. अलीकडे भावाच्या बाबतीत त्याने भुकटीला मागे टाकलं आहे. ते का, ते शेवटी येईल.

आता त्या खोडीकडे. तेलाचा रेणू म्हणजे एका खुंटीला टांगलेल्या तीन लांब साखळ्या. खुंटी ग्लिसरीनची, साखळ्या कार्बनच्या. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या 'भरलेल्या' असतात, म्हणजे प्रत्येक कार्बनने धरता येईल तितका हायड्रोजन धरलेला. शेंगदाण्याच्या तेलात साखळीमध्ये एखाद-दुसऱ्या ठिकाणी हायड्रोजन कमी पडलेला असतो आणि तिथले दोन कार्बन एकमेकांना दोन्ही हातांनी धरून असतात. हा दुहेरी बंध. जवसाच्या तेलात असे तीनपर्यंत बंध सापडतात. माशाच्या तेलातली ईपीए ही साखळी २० कार्बनांची आणि बंध पाच, तर डीएचए २२ कार्बनांची आणि बंध सहा. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन सापडतो, त्याच्याकडचा हायड्रोजन सैल असतो. ऑक्सिजन नेमका तिथेच घुसतो. डीएचएमध्ये अशा पाच फटी आहेत. शेंगदाणा तेलात मुबलक असलेल्या ओलेइक आम्लात एकही नाही.

ही भूक मोजायचं माप जुनं आहे. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पचवतं ते पाहायचं. खोबरेल आठ-दहावर थांबतं, शेंगदाणा नव्वदच्या आसपास, तारलीचं तेल दीडशेच्या वर, आणि रंगवाल्यांचं लाडकं जवस १७० ते २००.

ऑक्सिजन घुसल्यावर दोन गोष्टी घडतात. काही साखळ्या तुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे हवेत उडतात. तोच आपल्या नाकाला झोंबणारा खवट वास. बाकीच्या साखळ्या शेजारच्या रेणूंना जोडल्या जातात, जोडाला जोड लागत जाळं विणलं जातं आणि द्रव तेलाचा घन पापुद्रा होतो. वास आणि पापुद्रा ही एकाच क्रियेची दोन अपत्यं आहेत. माशाच्या तेलाचा सारा उद्योग या दोघांमध्ये उभा आहे. कुणाला पापुद्रा हवा असतो, वास नको असतो. कुणाला दोन्ही नको असतात. आणि निसर्गाने दोन्ही एकत्र बांधून दिलेले असतात.

पापुद्रा हवा असणाऱ्यांत पहिला नंबर रंगवाल्यांचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेनहेडन नावाच्या माशाचं तेल जवसाला स्वस्त पर्याय म्हणून रंगांत वापरलं गेलं. अडचण अशी, की माशाच्या तेलात अतिभुकेल्या साखळ्यांबरोबर पाव हिश्श्याहून जास्त भरलेल्या, निवांत साखळ्याही असतात. त्या जाळ्यात येत नाहीत, पापुद्र्याला मऊ आणि चिकट ठेवतात. उपाय थंडीचा. तेल गार करून ठेवलं की निवांत साखळ्यांची चरबी गोठून खाली बसते. वरचं तेल गाळून रंगाला, खालची चरबी साबणाला. हिवाळ्यात आपल्या बाटलीतलं खोबरेल थिजतं त्याच तत्त्वावर हे चालतं.

गंज रोखणाऱ्या रंगाची गोष्ट याहून मजेची. रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश जहाजकप्तानाच्या लक्षात आलं, की जहाजाच्या गंजलेल्या डेकवर जिथे माशाचं तेल सांडलं होतं तिथे गंज पुढे सरकलेला नाही. त्यातून १९२१ साली रस्ट-ओलियम ही कंपनी निघाली. कारण आता आपल्याला कळतं. तेल पातळ, म्हणून गंजाच्या भुसभुशीत थरात खोल झिरपतं, तिथली हवा आणि ओल बाहेर ढकलतं, आणि मग जागच्या जागी घट्ट होऊन दार लावून घेतं. नुसतं खनिज तेल झिरपलं असतं, पण घट्ट झालं नसतं.

चामड्याकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तेलाची खोडी इथे सगळ्यात हुशारीने वापरली गेली आहे. गाडी पुसायचं शॅमॉय तुम्ही पाहिलं असेल, पिवळसर, लुसलुशीत, भिजवलं की मऊ आणि पिळलं की जवळजवळ कोरडं. ते कमावताना हिरडा नाही, बाभळीची साल नाही, क्रोमही नाही. मेंढीचं कातडं जाडीत चिरून त्याचा आतला पदर घेतात, कॉडचं तेल शिंपडून लाकडी हातोड्यांच्या यंत्रात तासन्‌तास तुडवतात, मग उबदार खोलीत टांगतात. तेल हवा पिऊ लागतं, कातडं आपसूक गरम होतं, रंग पिवळा पडतो. मघाशी ज्यांना आपण वास मारणारे तुकडे म्हटलं, त्यांत ॲल्डिहाइड जातीची रसायनं असतात. तीच कातड्याच्या प्रथिनतंतूंना टाके घालतात. म्हणजे कातडं कुजण्यापासून वाचवतो तो खवटपणाच. उरलेलं जास्तीचं तेल कोमट पाण्यात पिळून काढतात. तेही टाकून देत नाहीत. हे अर्धवट घट्ट झालेलं तेल इतर चामड्यांना मुलायम करायला विकलं जाई आणि त्याला चांगला भाव मिळे. शॅमॉयमध्ये पाणी शोषलं जातं आणि पेट्रोल पार होतं, म्हणून एके काळी विमानात इंधन भरताना ते शॅमॉयच्या गाळणीतून ओतत, पाण्याचा अंश अडावा म्हणून.

बूट-जॅकेटच्या चामड्याला तेल लागतं ते वेगळ्या कारणासाठी. कमावलेलं कातडं वाळलं की तंतू एकमेकांना चिकटतात आणि पुठ्ठा होतो. तंतूंच्या मधे वंगण हवं. पण ओल्या कातड्यात तेल शिरत नाही. मग माशाच्या तेलावर सोडियम बायसल्फाइट आणि हवा यांची क्रिया करून त्याच्या रिकाम्या जागी पाण्याची ओढ असलेले गट बसवतात. असं 'सल्फाइट' केलेलं तेल पाण्यात दुधासारखं मिसळतं आणि कातड्यात खोलवर जातं. भरलेल्या साखळ्यांच्या तेलावर ही क्रिया करताच येत नाही, कारण बसायला जागाच नाही. खोडीचा तोटाही चामड्यातच दिसतो. भुकेलं तेल क्रोमने कमावलेल्या चामड्यात राहिलं, तर हवा पिता पिता ते त्यातल्या निरुपद्रवी क्रोमियमचं घातक क्रोमियम-सहामध्ये रूपांतर व्हायला हातभार लावतं. युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात अशा क्रोमियमला किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, त्यामुळे निर्यात करणारे टॅनरीवाले माशाचं तेल वापरताना आता हात आखडता घेतात.

हवा पिताना कातडं गरम होतं, हे मघाशी ओझरतं सांगितलं. ती उष्णता थट्टेवारी नेण्याची नाही. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकून दिला, तर आतली ऊब बाहेर पडत नाही, उबेने क्रिया वाढते, क्रियेने ऊब वाढते, आणि काडी न लावता चिंध्या पेट घेऊ शकतात. होडीला किंवा दाराला तेल लावलं असेल तर फडकं पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका. फिशमिलमध्येही थोडं तेल उरलेलं असतं, म्हणून जहाजातून जाणारी मासळीची भुकटी आंतरराष्ट्रीय नियमांत धोकादायक मालात मोडते आणि तिच्यात ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन घालावं लागतं. बरीच वर्षं ते इथॉक्सिक्विन होतं. युरोपने २०१७ मध्ये पशुखाद्यातली त्याची मान्यता स्थगित केली.

आता दुसरा पक्ष, ज्यांना वासही नको आणि पापुद्राही नको. त्यांचा तारणहार जर्मन रसायनतज्ज्ञ विल्हेल्म नॉर्मान. १९०२ साली त्याने पेटंट घेतलं ते तेलात हायड्रोजन कोंबण्याचं. गरम तेलात निकेलची भुकटी ढवळायची आणि दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. रिकाम्या जागा भरत जातात, भूक शमते, द्रव तेल थिजतं. विसाव्या शतकात युरोपातल्या कित्येक घरांच्या पावावर जो मार्गारीन फासला गेला, त्यात व्हेल आणि माशाचं असं थिजवलेलं तेल होतं, आणि खाणाऱ्याला मासळीचा मागमूस लागत नसे. आपल्याकडच्या डालड्यामागचं तंत्र हेच, तेल मात्र वनस्पतींचं. अर्धवट भरलेल्या साखळ्यांत ट्रान्स फॅट तयार होतात आणि ते हृदयाला बाधतात, हे कळायला बराच काळ जावा लागला.

साबणाला एवढी यातायात लागत नाही. तेलात अल्कली घालून उकळलं की साखळ्या खुंटीवरून सुटतात आणि साबण होतो. माशाच्या तेलाचा साबण मऊ, पटकन विरघळणारा आणि वासाचा. अंघोळीला निरुपयोगी, पण किडीला वासाशी काय करायचंय? तुम्ही शेतकरी असाल तर 'फिश ऑइल रोझिन सोप' हे नाव कृषी सल्ल्यात नक्की वाचलं असेल. सीताफळ, द्राक्ष, डाळिंब, पेरू यांच्यावरच्या पिठ्या ढेकणासाठी, म्हणजे मिलीबगसाठी, लिटरला २० ते २५ ग्रॅम असं प्रमाण सहसा सांगितलं जातं. रोझिन म्हणजे चीड वृक्षाच्या डिंकातून टर्पेंटाइन काढल्यावर उरणारा ठिसूळ पदार्थ. तो साबणाला चिकटपणा देतो.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाची पूड असते. साधं पाणी, आणि पाण्यात मिसळलेलं औषधही, त्या पुडीवरून घरंगळतं. साबणाच्या रेणूचं एक टोक मेणात रुततं, दुसरं पाण्यात राहतं, आणि मेणाचं चिलखत सुटत जातं. मग साबण किडीच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतो, कातडीखालच्या पेशींच्या पडद्यांना भोकं पाडतो. कीड सुकून मरते. यात विष असं काही नाही, त्यामुळे कीड त्याला सहज सरावत नाही. पण याच कारणाने तीन मर्यादा येतात. साबण ओला असतानाच काम करतो, वाळला की संपला, म्हणून जी कीड भिजली तीच मरते. पानाच्या मागे, सालीच्या फटीत, फळाच्या देठाशी फवारा पोचलाच पाहिजे. अंड्यांच्या कापसासारख्या पुंजक्यात तो नीट शिरत नाही, म्हणून काही दिवसांनी पुन्हा मारावा लागतो. आणि भर उन्हात मारला तर मेण किडीच्या अंगावरचं जातं तसं पानावरचंही जातं, कोवळी पानं करपतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच मारा.

चौथी अडचण बहुतेक सल्ल्यांत लिहिलेली नसते, आणि ती मी पंपाशेजारी उभा राहून शिकलो आहे. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणाला गाठतं आणि दह्यासारख्या गुठळ्या होतात. साबण तिथेच खर्ची पडतो, नोझल तुंबतं ते वेगळंच, आणि शेतकरी म्हणतो औषध बोगस निघालं. आधी बाटलीभर पाण्यात चिमूटभर साबण हलवून पाहावा. फेस आला तर ठीक, दही झालं तर पावसाचं साठवलेलं किंवा हलकं पाणी घ्यावं. साबण वाळल्यावर निरुपद्रवी होतो, ही मर्यादा एका बाबतीत सोयीची आहे. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलेमस हा भुंगेरा त्यानंतर बागेत सोडता येतो. आणि मुंग्यांकडे लक्ष ठेवा, त्या गोड चिकट्यासाठी पिठ्या ढेकणाला सांभाळतात, एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

तेलाची भूक शेतीत आणखी एका प्रकारे वापरली गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत झाडांवर शिशाच्या आर्सेनेटची फवारणी होई, तेव्हा औषध पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून त्यात माशाचं तेल घालत. पानावर तेलाचा पापुद्रा धरे आणि विष पानाला डकवून ठेवी. होडीचीच युक्ती. वापर चांगला होता असं मात्र म्हणवत नाही, शिसं आणि आर्सेनिक त्या बागांच्या मातीत अजून आहे.

कोंबड्यांची गोष्ट वरवर तेलाच्या भुकेशी संबंधित वाटत नाही, पण विज्ञानाला या तेलाने सर्वांत मोठं देणं दिलं ते इथेच. यकृताच्या तेलात विरघळलेली जीवनसत्त्वं असतात, हे माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून उत्तर युरोपात मुडदूस झालेल्या मुलांना कॉडचं तेल पाजत. १९२२ साली अमेरिकेत एल्मर मॅक्कॉलम यांनी एक देखणा प्रयोग केला. त्यांनी कॉडचं तेल गरम करून त्यात हवा बुडबुडवली. तेलाने हवा प्यायली आणि त्यातलं जीवनसत्त्व अ नष्ट झालं. हे तेल उंदरांच्या डोळ्यांचा रोग बरा करेना, पण मुडदूस मात्र बरा करत राहिलं. म्हणजे तेलात अ खेरीज दुसरं काहीतरी होतं. त्याला नाव मिळालं जीवनसत्त्व ड. तेलाच्या खवटपणाने एका जीवनसत्त्वाला दुसऱ्यापासून वेगळं करून दाखवलं.

याचा फायदा पहिल्यांदा पिलांना झाला. बंदिस्त खुराड्यात वाढवलेली पिलं हिवाळ्यात पायांतून जायची, कारण ऊन नाही. खाद्यात थोडं कॉडचं तेल पडलं आणि कोंबड्या बाराही महिने घरात पाळता येऊ लागल्या. आजच्या पोल्ट्रीच्या पायाखाली हे तेल आहे. पुढे अतिनील किरण दाखवलेल्या यीस्टपासून स्वस्त ड बनवलं गेलं. ते उंदरांना लागू पडे, पिलांना नीट लागू पडेना. १९३० च्या सुमाराचं हे कोडं सोडवताना कळलं, की ड एक नसून निदान दोन आहेत, वनस्पतीचं ड२ आणि प्राण्यांचं ड३. तेल जास्त झालं तर अंड्याला मासळीचा वास येतो, हे पोल्ट्रीवाल्यांनी स्वतःच शोधून काढलं.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचं कॉडतेल हिंदुस्थानात यायचं थांबलं, तेव्हा मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई इलाख्यात मुशीच्या यकृताचं तेल काढायचे कारखाने चालू झाले. त्यात अ जीवनसत्त्व कॉडपेक्षाही कितीतरी जास्त. शार्कोफेरॉल हे नाव ज्यांनी लहानपणी नाक मुठीत धरून गिळलं आहे त्यांना अधिक सांगायला नको. १९४७ साली रोश कंपनीत ओटो आयस्लर यांनी अ जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या बनवण्याची वाट काढली आणि मुशीचा भाव बसला. काही मुशींना, निदान काही काळ, त्यामुळे जीवदान मिळालं असेल.

तेवढ्यात मुशीच्या यकृतातलं आणखी एक द्रव्य बाजारात आलं, स्क्वॅलिन. खोल समुद्रातल्या मुशींना पोहण्याची पिशवी नसते, पाण्यापेक्षा हलकं हे तेल त्यांना तरंगायला मदत करतं. जपानी रसायनतज्ज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं केलं. ते सौंदर्यप्रसाधनांत गेलं, आणि १९९७ पासून इन्फ्लुएंझाच्या काही लशींत, प्रतिकारशक्तीला डिवचण्यासाठी, डोसमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास. प्रसाधनांसाठी आता ते उसाच्या साखरेवर यीस्ट पोसूनही बनवतात.

एक उपयोग असा आहे की ऐकणारा हमखास हसतो. जुन्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार जहाजाच्या जीवनरक्षक होडीत एक गॅलन तेल ठेवावं लागे, लाटा शांत करायला. आणि ते वनस्पतीचं, माशाचं किंवा प्राण्याचंच असावं लागे. खनिज तेल का नाही? तेलाच्या साखळीचं आम्ल-टोक पाण्याला धरतं, साखळी वर उभी राहते आणि तेल एका रेणूच्या जाडीचं होईपर्यंत पसरत जातं. रॉकेलला असं टोक नाही, ते गोळा होऊन राहतं. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळ क्लॅपमच्या तळ्यात चमचाभर तेल टाकलं आणि जवळजवळ अर्धा एकर पाणी आरशासारखं झालं, असं त्याने १७७४ मध्ये प्रसिद्ध केलं. चमचा ५ मिलिलिटरचा धरून भागाकार करा. थराची जाडी अडीच नॅनोमीटर येते, म्हणजे तेलाच्या एका रेणूच्या उंचीइतकी. फ्रँकलिनने हा भागाकार केला नाही. या थरामुळे वाऱ्याला पाण्यावर पकड मिळत नाही, बारीक लहरी उठत नाहीत आणि लाटांचे माथे फुटत नाहीत. मोठी लाट तशीच राहते, होडीत कोसळत मात्र नाही.

एवढे सगळे उपयोग सांगून झाल्यावर कबूल करायला हवं, की आज यांतले बहुतेक किरकोळ आहेत. जगात वर्षाला सुमारे दहा-बारा लाख टन माशाचं तेल निघतं आणि त्याचा सर्वांत मोठा वाटा माशांनाच खाऊ घातला जातो, सामनला, कोळंबीला. कॅप्सूल त्यानंतर. रंग, चामडं, साबण यांच्या वाट्याला उरलंसुरलं. अलास्कातल्या डच हार्बरच्या एका मासळी कारखान्याने ते डिझेलमध्ये मिसळून जनित्रं चालवली, तेही तिथे तेल बाहेर पाठवणं महाग आणि डिझेल आणणं त्याहून महाग म्हणून.

सामनला हे तेल लागतं ते ईपीए-डीएचएसाठी, ज्या साखळ्या रंगवाल्याला प्रिय आणि मार्गारीनवाल्याला नकोशा होत्या त्याच. नॉर्वेच्या सामन खाद्यात १९९० मध्ये २४ टक्के माशाचं तेल होतं, २०१३ पर्यंत ते ११ टक्क्यांच्या आसपास आलं, जागा रेपसीड तेलाने घेतली. तेल वाढवणं कुणाच्या हातात नाही. २०२३ मध्ये एल निनोमुळे पेरूने अँचोव्हीचा पहिला हंगामच रद्द केला आणि तेलाचे भाव कधी नव्हे इतके चढले. आपल्या तारलीचंही तेच. केरळात २०१२ साली चार लाख टनांच्या जवळपास मिळालेली तारली २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली.

मासा मुळात हे तेल फारसं बनवत नाही. तो ते शैवाल खाऊन किंवा शैवाल खाणाऱ्याला खाऊन मिळवतो. म्हणून आता माशाला वगळून थेट शैवालच पोलादी टाक्यांत वाढवतात, त्यातलं डीएचए बाळांच्या दुधाच्या पावडरीत २००० च्या दशकापासून आहे. ऑस्ट्रेलियात शैवालाचे जनुक घातलेल्या कॅनोला पिकालाही २०१८ मध्ये मान्यता मिळाली. टाकीतलं हे तेल तितकंच भुकेलं असतं, तितकीच हवा पितं. साबणाला किंवा चामड्याला मात्र ते कोणी घेत नाही, परवडत नाही.